भंगारात द्यायच्या आधी झाकण उघडा

तुमच्या कॉलेजात लॅबच्या मागे एक खोली असणार. तिची किल्ली शिपाईकाकांकडे असते. आत मोडकी स्टुलं, गेल्या गॅदरिंगची थर्माकोलची कमान, कुणी न नेलेली जर्नल्स आणि भिंतीला टेकवून ठेवलेले जुने कॉम्प्युटर असतात. प्रत्येकाच्या अंगावर ऑइलपेंटने डेड स्टॉकचा नंबर टाकलेला. मार्च जवळ आला की यादी निघते, समिती बसते, ‘निर्लेखित करण्यास हरकत नाही’ असा शेरा पडतो आणि एक दिवस टेम्पो येतो. दोन तासांत खोली मोकळी. आत काय होतं हे कुणी विचारत नाही, कारण आत भंगार होतं हे सगळ्यांना आधीच माहीत असतं.

त्या ढिगात एखादा बसका, निळा, ठिपक्याठिपक्यांचा, पिझ्झाच्या खोक्यासारखा डबा दिसला तर तेवढा बाजूला काढा. तो नसेल तर हिरवट चौकोनी ठोकळा, किंवा गोलसर निळा ‘ओ-टू’. समोर ‘सिलिकॉन ग्राफिक्स’ असं नाव असेल. हे डबे सगळीकडे सापडतील असं मुळीच नाही, तुमच्या खोलीत बहुधा साधे पेंटियमच असतील. ते का टाकू नयेत तेही पुढे येईलच. पण सुरुवात या निळ्या डब्यापासून करू, कारण तुमच्या हातातल्या मोबाइलच्या स्क्रीनवर जो गेम पळतो त्याचं घराणं इथून सुरू होतं.

बारावीला मॅट्रिक्स शिकताना ‘याचा उपयोग काय?’ असं तुम्ही एकदा तरी म्हटलं असेल. उपयोग हा. त्रिमितीतला एक बिंदू फिरवायचा, मोठा करायचा किंवा लांब न्यायचा असेल तर त्याला चार बाय चारच्या मॅट्रिक्सने गुणावं लागतं. एका बिंदूला सोळा गुणाकार आणि बारा बेरजा. एका डायनासोरच्या अंगावर असे हजारो बिंदू, आणि हालचाल सलग दिसायला सेकंदाला चोवीस चित्रं. ऐंशीच्या दशकातल्या साध्या प्रोसेसरला हे झेपणं शक्यच नव्हतं. स्टॅनफर्ड विद्यापीठातले प्राध्यापक जिम क्लार्क आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी फक्त हेच काम करणारी वेगळी चिप बनवली, ‘जॉमेट्री इंजिन’. ती घेऊन १९८१ मध्ये कंपनी काढली, सिलिकॉन ग्राफिक्स. पुढे सगळे तिला एसजीआय म्हणू लागले.

१९९३ साली ‘ज्युरासिक पार्क’ आला. पुढच्या वर्षी तो हिंदीत डब होऊन आपल्याकडे लागला. तुमच्या आई-बाबांना विचारा, थिएटरात कसे ओरडले होते ते सांगतील. त्यातले कॉम्प्युटरवर बनवलेले डायनासोर याच कंपनीच्या यंत्रांवर चालायला शिकले. सिनेमात एक प्रसंग आहे. पार्कची कुलपं बंद करायला ती मुलगी कॉम्प्युटरसमोर बसते आणि फायलींच्या ठोकळ्यांवरून जणू विमानातून उडत जाते. बघणाऱ्या कित्येकांना वाटलं, ही सिनेमावाल्यांची थाप. थाप नव्हती. ते एसजीआयचंच खरं सॉफ्टवेअर होतं, फायली त्रिमितीत दाखवणारं, आणि जुनं यंत्र आज चालू केलं तरी ते चालतं.

१९९२ मध्ये याच कंपनीने ‘ओपनजीएल’ जगासाठी खुलं केलं. त्याची लहान आवृत्ती पुढे मोबाइलवर आली. ‘निन्टेंडो ६४’ची ग्राफिक्स चिप यांची. लिनक्सवर आजही सर्रास वापरली जाणारी ‘एक्सएफएस’ ही फाइल सिस्टिम यांच्याकडची. ‘माया’ नावाचं ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर, जे शिकायला तुमच्यातले काही लाख-दीड लाख फी भरतात, ते १९९८ साली पहिल्यांदा याच यंत्रांवर आलं. मुंबईतल्या जाहिराती आणि सिनेमांच्या पोस्ट-प्रॉडक्शन स्टुडिओंमध्ये नव्वदीत हीच यंत्रं एसी खोल्यांत असायची आणि तासाच्या भाड्याने मिळायची.

मग कंपनी बुडाली. एका वाक्यात सांगायचं तर, तिच्यातूनच बाहेर पडलेल्या इंजिनिअर मंडळींनी तेच काम करणारी कार्डं साध्या पीसीसाठी बनवली, आणि लाखांच्या यंत्राचं काम काही हजारांत होऊ लागलं. २००६ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज, २००९ मध्ये पुन्हा. कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यूमधलं त्यांचं मुख्यालय आज गूगलचं मुख्यालय आहे. इमारती उरल्या, यंत्रं भंगारात गेली.

आता मुद्द्यावर येऊ. समजा ‘इंडी’ नावाचा तो निळा डबा तुम्हाला मिळाला. १९९३ चं मॉडेल, तेव्हाची किंमत सुमारे ५ हजार डॉलर. सोबत छोटा डिजिटल कॅमेरा मिळायचा. व्हिडिओ कॉल हा शब्दसुद्धा कुणी वापरत नव्हतं तेव्हा. सुरुवातीच्या स्वस्त मॉडेलला मेमरी फक्त १६ एमबी, त्यामुळे ते इतकं रडतखडत चालायचं की लोक चेष्टेनं म्हणायचे, ‘इंडी म्हणजे इंडिगोमधला गो काढून टाकलेला.’ (इंडिगो हे आधीचं मॉडेल.) आता हा डबा तीस वर्षं बंद आहे. काय कराल?

पहिली चूक सगळे हीच करतात: वायर लावायची आणि बटण दाबायचं. नका करू. पॉवर सप्लायमधले कपॅसिटर इतक्या वर्षांत सुकतात किंवा गळतात. आधी झाकण उघडा, सावकाश, कारण त्या काळचं प्लॅस्टिक आता पापडासारखं मोडतं. नाक लावा. मासळीसारखा किंवा जळका वास आला, बोर्डावर चिकट डाग दिसला, तर तिथेच थांबा. आणि एक गोष्ट चेष्टेवारी घेऊ नका. पॉवर सप्लायचा स्वतःचा डबा एकट्याने, यूट्यूब बघून उघडायचा नाही. आपल्या २३० व्होल्टवर त्याच्या आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशेच्या आसपास व्होल्ट चढतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ ते तिथे बसून असतात. गावात टीव्ही दुरुस्त करणारे जुने काका असतील तर त्यांच्याकडे जा. त्यांच्याकडे पदवी नसेल, पण आयटीआयच्या पुस्तकात नाही ते त्यांच्या बोटांत असतं.

सप्लाय ठीक आहे असं ठरलं की हार्ड डिस्क काढून ठेवा. (ती का, ते पुढे.) धूळ ब्रशने झाडा. मेमरीच्या पट्ट्या काढा आणि त्यांचे सोनेरी दात खोडरबराने हळूच पुसा. हा उपाय कुठल्या पुस्तकात लिहिलेला नाही, पण गल्लीतल्या प्रत्येक कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला तो येतो. इंडीत या पट्ट्या चार-चारच्या गटात लावाव्या लागतात. गटातली एक जरी ढिली असली तरी यंत्र उठत नाही. चालू झालं तर एक छोटीशी सुरावट ऐकू येते. मेमरी बिघडली असेल तर सूर वेगळा येतो. म्हणजे पडदा न लावताही, नुसत्या कानाने पहिलं निदान होतं.

पडद्याचं वेगळंच प्रकरण आहे, आणि कित्येक चांगली यंत्रं इथेच ‘मेली’ म्हणून टाकली गेली. यांचा मॉनिटरचा सॉकेट आपल्या नेहमीच्या व्हीजीएचा नसतो. तीन जाड गोल टोकं आणि दहा बारीक पिना असा तो असतो. ॲडॉप्टर मिळतो किंवा बनवताही येतो. पण ॲडॉप्टर लावूनही आजचा मॉनिटर ‘नो सिग्नल’ दाखवू शकतो. कारण एक ओळ कुठे संपली आणि नवी कुठे सुरू झाली हे सांगणारी खूण ही यंत्रं हिरव्या रंगाच्या वायरवरच चढवून पाठवतात. आजचे बरेच मॉनिटर ती खूण वेगळ्या वायरवर शोधतात. ती मिळत नाही, मग पडदा काळा, नाहीतर सगळं चित्र हिरवंगार. बिघाड यंत्रात नाहीच, दोघांची भाषा जुळत नाही एवढंच. जुना मॉनिटर शोधा. नाहीतर कीबोर्ड काढून ठेवा आणि सिरियल केबलने लॅपटॉप जोडा. कीबोर्ड नसला की इंडी आपलं सगळं बोलणं सिरियल पोर्टवर पाठवू लागतो. काळ्या खिडकीत मेनू उमटतो. त्यातून कमांड मॉनिटरमध्ये शिरून ‘एचइन्व्ह’ टाइप केलं की यंत्र स्वतःची यादी वाचून दाखवतं: प्रोसेसर हा, मेमरी इतकी, ग्राफिक्स अमुक. तीस वर्षांनी कुणीतरी हजेरी घेतली म्हणून ते ‘हजर’ म्हणतंय, असं वाटतं खरं.

पण या सगळ्याहून रंजक आहे ती एक काळी चिप. डॅलस कंपनीची, आगपेटीहून लहान. तिच्या पोटात घड्याळ आहे, थोडी मेमरी आहे आणि त्या मेमरीला जागं ठेवणारा लिथियमचा सेल आहे. सगळं एकत्र प्लॅस्टिकमध्ये बुजवलेलं. बनवणाऱ्यांनी सांगितलं होतं की वीज नसताना दहा वर्षं आठवण राहील. त्यांनी खोटं सांगितलं नव्हतं, दहाच्या वर टिकलीही असेल. पण आज तो सेल मेलेला असणार हे जवळजवळ नक्की.

सेल गेला तर काय बिघडलं, तारीखच चुकेल ना? तसं नाही. इंडीने आपला नेटवर्कचा पत्ता याच मेमरीत ठेवलेला असतो. बारा अंक-अक्षरांचा हा पत्ता प्रत्येक यंत्राचा वेगळा, सुरुवात मात्र सगळ्यांची सारखी: ०८:००:६९. सेल संपला की पत्ता पुसला जातो आणि यंत्र नेटवर्कवर अनाथ होतं. त्याहून मोठी पंचाईत पुढे आहे. यंत्राचा ओळख क्रमांकही याच पत्त्यातून काढला जातो, आणि तेव्हाची महागडी सॉफ्टवेअर त्या ओळख क्रमांकाला कुलूप लावून विकली जायची. म्हणजे दहा रुपयांचा सेल संपला आणि लाखो रुपयांच्या सॉफ्टवेअरची किल्ली हरवली. हार्ड डिस्क शाबूत, प्रोग्रॅम शाबूत, पण दार उघडायचं नाही.

उपाय आहे, आणि तो बघून हसू येतं. चिपच्या डोक्यावरचं प्लॅस्टिक बारीक कानशीने किंवा छोट्या ग्राइंडरने घासायचं. आत सेलकडे जाणारे दोन पत्रे दिसतात. मेलेला सेल त्यांच्यापासून तोडायचा आणि दोन बारीक वायरी सोल्डर करून बाहेर घड्याळाचा साधा नाण्याएवढा सेल लावायचा. सीआर-२०३२, कुठल्याही किराणा दुकानात मिळणारा. धन-ऋण उलटं झालं तर चिप गेली, जास्त खोल घासलं तर चिप गेली. हात थरथरत असेल तर आधी चार रद्दी बोर्डांवर सराव करा. मग यंत्राच्या मागच्या स्टिकरवरून तो पत्ता बघून परत लिहायचा, एका आज्ञेत. हा सगळा उद्योग त्या स्टिकरवर अवलंबून आहे. स्टिकर फाटलेला असेल, किंवा डेड स्टॉक नंबर त्याच्यावरच रंगवलेला असेल, तर मूळ पत्ता शोधणं फार अवघड होऊन बसतं.

इथे थोडं थांबून आपल्या एमआयडीसीत चला. भोसरी, अंबड, बुटीबोरी, कुठेही. जुन्या सीएनसी मशीनच्या कंट्रोलरमध्येही असंच आहे. मशीनचे सगळे पॅरामीटर बॅटरीवर जिवंत असलेल्या मेमरीत असतात. बॅटरीचा इशारा येतो, कुणी लक्ष देत नाही, दिवाळीची चार दिवस सुट्टी लागते, मेन स्विच बंद होतो, आणि परत येऊन बघावं तर धडधाकट मशीनला आपण कोण हेच आठवत नाही. ज्या पोराला माहीत असतं की त्या मशीनची बॅटरी वीज चालू ठेवूनच बदलायची आणि पॅरामीटर आधी उतरवून ठेवायचे, त्याची त्या दिवशी शॉपमध्ये काय किंमत असते ते तिथल्या सुपरवायझरला विचारा. निळ्या डब्यावर कानस चालवणं हा नुसता छंद आहे असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी हा परिच्छेद.

आता हार्ड डिस्क. ती बाजूला काढून ठेवायला सांगितली होती, कारण ती बदलता येते पण तिच्यातलं बदलता येत नाही. जुन्या डिस्कला चालू होण्याचे मोजके श्वास उरलेले असतात. ते श्वास यंत्र सुरू करण्यात घालवू नका. आधी तिची शब्दशः प्रत काढा, एकेक बिट. त्यासाठी जुन्या स्कझी जोडणीचं कार्ड लागतं. ओळखीपाळखीत शोधलं तर मिळतं. प्रत निघाली की मूळ डिस्क कापडात गुंडाळून वर तारीख टाकून ठेवा आणि यंत्राला नवी डिस्क द्या. नवी म्हणजे ‘ब्लू-स्कझी’सारखा छोटा बोर्ड, ज्यात मेमरी कार्ड घालता येतं आणि यंत्राला वाटतं ही आपली जुनी डिस्कच. एक सवय मात्र मोडावी लागते. पीसीवर कंट्रोलरचा नंबर सात असतो, इथे तो शून्य असतो. डिस्कला शून्य नंबर दिलात तर दोघं एकाच नावाला ओ देतात आणि रात्र फुकट जाते.

मग ‘आयरिक्स’, म्हणजे यांची युनिक्स, बसवायची. इंडीसाठी ६.५.२२ ही शेवटची आवृत्ती. नेहमीचा सीडी ड्राइव्ह बहुधा चालत नाही, कारण या यंत्राला सीडी ५१२ बाइटच्या तुकड्यांत वाचून हवी असते आणि बाकी जग २०४८ च्या तुकड्यांत वाचतं. म्हणून आता बरेच जण दुसऱ्या कॉम्प्युटरवरून, अगदी रास्पबेरी पायवरूनसुद्धा, नेटवर्कमार्गे बसवतात. नेटवर्कमार्गे! म्हणजे पुन्हा तो पत्ता हवा, म्हणजे पुन्हा ती चिप. क्रम चुकवून चालत नाही. बसवताना ‘कॉन्फ्लिक्ट’ची अशी लांबलचक यादी येते की प्रत्येकाचं उत्तर एक-अ की एक-ब हे ठरवता ठरवता चहा तीनदा गार होतो. ते सोसा. नंतर डेस्कटॉप उघडतो, डाव्या कोपऱ्यात छोटी पेटी, बाजूला चाक फिरवलं की लहान-मोठी होणारी चित्रं. तीस वर्षांपूर्वीच्या कुणाच्या तरी टेबलावर तुम्ही बसलेले असता.

आणि एक सूचना: हे यंत्र इंटरनेटला उघडं जोडू नका. मूळ बसवणीत अनेक खाती बिनपासवर्डची असायची. त्या काळी जग जरा भोळं होतं.

यावर तुमच्यातला एखादा म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, ‘मेम’ नावाच्या एम्युलेटरवर इंडी लॅपटॉपवर चालतो की. चालतो, आणि जरूर चालवा. आज रात्रीच चालवा, खर्च शून्य. एम्युलेटरला आम्ही नावं ठेवणार नाही, जतनाचं निम्मं काम तोच करतोय. पण एम्युलेटर लिहिणाऱ्याला खरं यंत्र अमक्या वेळी नेमकं काय करतं हे कुठून कळतं? चालू असलेल्या खऱ्या यंत्रावरूनच. ताक करायचं तर आधी दूध तापवायला हवं. आणि कानस, सोल्डर, वास, सूर यातलं काहीही एम्युलेटर शिकवत नाही.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: हा पैसेवाल्यांचा नाद झालाय. हो, झालाय. परदेशात या डब्यांच्या किमती चढल्यात. काही जण ते घेतात, शेल्फवर ठेवतात, मागे निळा दिवा लावून रील बनवतात आणि कधीच चालू करत नाहीत. त्याहून वाईट म्हणजे काही जण चालू यंत्र सोडवून सुटे भाग विकतात, कारण सुट्याचे पैसे जास्त येतात. आमचं स्पष्ट म्हणणं आहे की परदेशातून मागवू नका. शिपिंग आणि कस्टम्सचे पैसे भरण्यापेक्षा तेवढ्यात चांगलं सोल्डरिंग स्टेशन, मल्टिमीटर आणि वर्षभराचा चहा येईल. इथलं जे आहे ते उचला. एसजीआय मिळाला तर भाग्य. नसेल तर पेंटियम टू घ्या, सायबर कॅफेतला ‘सेलेरॉन’ घ्या, आजोबांच्या डीटीपी सेंटरमधला मॅक घ्या. त्याच्यातही मेलेला सेल आहे, गळका कपॅसिटर आहे आणि शेवटचे श्वास मोजणारी डिस्क आहे.

त्या डिस्कवर काय असतं याचा विचार केलाय? डीटीपीवाल्याच्या डिस्कवर तालुक्यातल्या पंधरा वर्षांच्या लग्नपत्रिका, दिवाळी अंक, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीची पत्रकं असतात, आणि आता कुठेही न उघडणाऱ्या फाँटमधली कुणाची तरी अख्खी कादंबरी असू शकते. कॉलेजच्या डिस्कवर विद्यार्थ्यांचे प्रकल्प, सरांच्या संशोधनाचे आकडे. हे सगळं किलोच्या भावाने जातं. कागद असता तर निदान भेळेच्या पुडीवर कुणी वाचलं असतं. पण एक मर्यादा पाळा. दुसऱ्याच्या डिस्कची प्रत काढली म्हणजे ती तुमची झाली नाही. खासगी पत्रं, फोटो, मार्कांच्या याद्या दिसल्या तर मालकाला शोधा, विचारा, परत द्या. ग्रुपवर टाकायचं नाही.

तसंच, खोलीतून डबा उचलून बॅगेत घालायचा नाही. ती संस्थेची मालमत्ता आहे आणि तिला नियम आहेत. २०२२ च्या ई-कचरा नियमांप्रमाणे, जे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, मोठ्या संस्थांनी असा माल नोंदणीकृत पुनर्वापरवाल्याकडे किंवा दुरुस्ती करून परत वापरात आणणाऱ्या नोंदणीकृत व्यवस्थेकडेच द्यायचा आहे. किलोच्या भावाने टेम्पोत भरणं त्यात बसत नाही. नियम चांगलाच आहे. उघड्यावर वायरी जाळून तांबं काढणाऱ्यांच्या छातीत काय जातं हे पाहिलं की तो का हवा ते कळतं. पण या नियमाच्या आधीची एक पायरी आपल्या कॉलेजांमध्ये नाही, आणि ती आम्ही मागतोय. निर्लेखनाची यादी समितीपुढे जाण्यापूर्वी पंधरा दिवस नोटीस बोर्डवर लागावी. इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटरच्या मुलांना ती यंत्रं लॅबमध्येच, शिक्षकांसमोर उघडायची परवानगी मिळावी. डिस्कची प्रत निघावी. आणि प्रत्येक प्रकारचं एक यंत्र, फक्त एक, चालू स्थितीत विभागात राहावं. म्युझियम नको, काचेची पेटी नको. टेबलावर, प्लग लावलेलं. याला नवं बजेट लागत नाही. लागते ती प्राचार्यांची एक सही आणि एक कपाट.

‘कशाला नसता व्याप’ असं उत्तर येईल. पहिल्यांदा येतंच. अर्ज लेखी द्या, चार जणांच्या सह्या घ्या, एका शिक्षकांना सोबत घ्या. मिनी प्रोजेक्टसाठी विषय हवाच असतो तुम्हाला. दरवर्षी तेच ऑटोमॅटिक स्ट्रीटलाइट आणि लाइन फॉलोअर रोबो बघून परीक्षकही कंटाळलेत. ‘डॅलस चिपची बॅटरी बदलून वर्कस्टेशन पूर्ववत करणे’ असं शीर्षक देऊन बघा. व्हायव्हात निदान एक प्रश्न असा येईल ज्याचं उत्तर गूगलवर नसून तुमच्या हाताच्या भाजलेल्या बोटावर असेल.

अर्जाचं उत्तर येईपर्यंत एक काम करता येतं आणि त्याला कुणाची परवानगी लागत नाही. उद्या लेक्चर संपल्यावर त्या खोलीची किल्ली मागा. प्रत्येक डबा वळवून मागच्या स्टिकरचा फोटो काढा, नंबर नीट वाचता येईल असा, धूळ फुंकून. रंग लागला असेल तर नखाने खरवडू नका, स्टिकरच निघून येईल. ओल्या कापडाच्या टोकाने हळूच पुसा. शिपाईकाका विचारतील, काय करतोयस रे बाबा. सांगा त्यांना. पंचवीस वर्षं तीच लॅब उघडताहेत ते. कुठलं यंत्र कोणत्या सालापर्यंत चालू होतं आणि त्याचा कीबोर्ड कुठल्या कपाटात, कुठल्या रजिस्टरांच्या मागे पडलाय, ते बहुधा त्यांनाच ठाऊक असेल.